योरुबा वृत्तपत्र कोण वाचतं, हे कसं शोधायचं

नायजेरियातल्या इबादान शहराच्या मोकोला भागात मी पहिल्यांदा प्रश्नावली घेऊन फिरले, तेव्हा सुरुवात एका शिवणकामाच्या दुकानापासून केली. दुकानाच्या मालकीणबाई साठीच्या असाव्यात. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मांडीवर ‘अलारोये’ या योरुबा साप्ताहिकाचा अंक उघडलेला, आणि बोट ओळीवर ठेवलेलं. माझ्याबरोबर विद्यापीठातून नुकताच पदवी घेतलेला एक मुलगा दुभाषी म्हणून होता. त्याच्याकरवी मी विचारलं, ‘‘तुम्ही वाचता का?’’ बाईंनी मान हलवली. ‘‘नाही ग बाई, मला कुठलं येतंय!’’ मुलाने ‘वाचत नाही’च्या चौकटीत खूण केली आणि पान उलटलं. बाईंचं बोट अजून त्याच ओळीवर होतं.

संध्याकाळी त्या खुणेकडे बघत मी बराच वेळ बसले. योरुबात, म्हणजे नायजेरियाच्या नैऋत्य भागातल्या लोकांच्या भाषेत, ‘का’ म्हणजे वाचणं आणि ‘इवे’ म्हणजे पुस्तक किंवा कागद. दोन्ही जोडून ‘कावे’ होतं. पण ‘ओ कावे’ असं कुणाबद्दल म्हटलं, की त्याचा रोजच्या बोलण्यातला अर्थ ‘तो शिकलेला आहे’ असा होतो. माझा प्रश्न बाईंच्या कानी ‘तुम्ही शिकलेल्या आहात का?’ असा पडला होता, आणि त्यांनी त्याचं अगदी खरं उत्तर दिलं होतं. पहिल्या आठवड्यातले सगळे फॉर्म मी बांधून कपाटात ठेवले आणि नव्याने सुरुवात केली.

नायजेरियात जाऊन योरुबा वृत्तपत्रांच्या वाचकांवर काम करायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. वाचकाची सामाजिक पार्श्वभूमी त्याला समोर बसवून विचारली तर ती अर्धीच कळते. उरलेली अर्धी अंकाच्या मागे मागे गेल्यावर कळते. त्यामुळे माणसांची यादी करण्याआधी अंकांची करा.

निघण्याआधी पत्रांचं कूळ पाहा

हे टाळून थेट बाजारात उतरलात, तर समोरचा माणूस ‘आमच्या वडिलांच्या वेळचं पत्र’ म्हणेल आणि तो कशाबद्दल बोलतोय ते तुम्हाला कळणार नाही. सगळा इतिहास पाठ करायची गरज नाही. प्रत्येक काळातल्या पत्रापुढे एकच प्रश्न ठेवा: तेव्हा अक्षर कुणाच्या हाती होतं?

1859 मध्ये अबेओकुटा इथे हेन्री टाउनसेंड या मिशनऱ्याने ‘इवे इरोहिन’ काढलं. ते पाक्षिक होतं आणि अंकाची किंमत 120 कवड्या होती. तेव्हा वाचता येत होतं ते मिशनच्या शाळेत गेलेल्यांना आणि ‘सारो’ मंडळींना. हे सारो म्हणजे गुलामांच्या जहाजांवरून सोडवून सिएरा लिओनमध्ये उतरवलेले आणि पुढे आपल्या मुलखात परतलेले लोक, व त्यांची मुलंबाळं. योरुबाचा शब्दसंग्रह 1843 मध्ये छापून आणणारे सॅम्युएल अजाई क्राउदर त्यांच्यातलेच. 1867 मध्ये तिथल्या एग्बा लोकांनी गोऱ्यांना अबेओकुटातून हाकललं, आणि पत्र बंद पडलं.

रोमन लिपीतली योरुबा चर्चच्या दारातून आली, हे इथे लक्षात ठेवायचं. योरुबांमध्ये मुसलमान फार मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांच्या जुन्या पिढीतल्या अनेकांनी अक्षरं गिरवली ती ‘इले केऊ’मध्ये, म्हणजे कुराणाच्या शाळेत. अरबी लिपीत योरुबा लिहिण्याची तिकडे जुनी रीत आहे. असा म्हातारा वृत्तपत्र नातवाकडून वाचून घेतो आणि स्वतःची जमाखर्चाची वही अरबी अक्षरांत ठेवतो. फॉर्मवर त्याला ‘निरक्षर’ म्हणणं चूक आहे. ‘कोणती लिपी येते’ हा रकाना वेगळा ठेवा, आणि तो धर्माच्या रकान्याला चिकटवू नका. इलोरिन शहरात मला मिशन शाळेत शिकलेले मुसलमानही भेटले.

मग 1920 चं दशक येतं. लेगोसमध्ये ‘एको अकेटे’, ‘एलेती ओफे’ आणि ‘अकेडे एको’, इबादानला ‘योरुबा न्यूज’, अशी साप्ताहिकं थोड्या थोड्या अंतराने निघाली. ‘अकेडे’ म्हणजे दवंडी देणारा आणि ‘एको’ म्हणजे लेगोस. ती चालवणारे ‘अलाकोवे’ होते, म्हणजे लिहिणारे-वाचणारे: कारकून, शिक्षक, पाद्री, छापखानेवाले. 1923 मध्ये लेगोसला कायदेमंडळाची पहिली निवडणूक झाली, पण मत फक्त वर्षाला 100 पौंड उत्पन्न असलेल्या पुरुषांना होतं. शहराच्या राजकारणाबद्दल योरुबात छापायचं, ते या मूठभरांपलीकडे पोचण्यासाठीच.

यापुढचं झपाट्याने सांगते. 1945 चं ‘इरोयिन योरुबा’ पुढे योरुबा राजकीय नेते ओबाफेमी अवोलोवो यांच्या वृत्तपत्रसमूहाशी जोडलं गेलं. 1970 च्या सुमारास ‘ग्बोहुनग्बोहुन’ म्हणजे प्रतिध्वनी, 1980 च्या सुमारास योरुबा उद्योगपती मोशूद अबिओला यांच्या समूहाचं ‘इशोकान’ म्हणजे एकी, आणि दोन-तीनदा सुरू होऊन थांबलेलं ‘अलारोये’ 1996 पासून नेटाने चाललेलं. 12 जून 1993 ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक अबिओला जिंकत असताना लष्करी सरकारने ती रद्द केली. पुढची पाच वर्षं योरुबा मुलखात घराघरांत तोच विषय होता. अबिओला 7 जुलै 1998 ला कैदेतच वारले. त्या वर्षांत इंग्रजी पेपर घेणाऱ्या घरांतही योरुबा साप्ताहिक येऊ लागलं, असं मला वकील आणि प्राध्यापक मंडळींनी सांगितलं. म्हणून ‘कधीपासून वाचता?’ हा प्रश्न गाळू नका. त्याचं उत्तर पुष्कळदा वर्षात येत नाही, घटनेत येतं.

वय, शाळा, पैसा: हे कसं विचारायचं

वय थेट विचारलंत तर वयस्क माणसं अंदाजाने सांगतात. त्यांच्यापुढे घटना ठेवा. ऑक्टोबर 1960, स्वातंत्र्य. एप्रिल 1972, जेव्हा देशातली वाहनं रस्त्याच्या डाव्या बाजूने जायची ती उजवीकडून जायला लागली. हे कुणीही विसरलेलं नाही. जानेवारी 1973, पौंड जाऊन नायरा आला. ‘गाड्या उजवीकडे गेल्या तेव्हा तुम्ही काय करत होतात?’ असं विचारलं की माणूस खुलतो. ‘उमेदवारी करत होतो’, ‘पहिलं मूल पोटात होतं’, अशी उत्तरं येतात, आणि वय त्यावरून काढता येतं.

एक रेघ मात्र पक्की आखून घ्या. जानेवारी 1955 मध्ये अवोलोवोंच्या सरकारने पश्चिम विभागात, म्हणजे योरुबा मुलखात, मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं. म्हणजे साधारण 1949 नंतर जन्मलेल्यांना शाळेचं दार फीशिवाय उघडलं. वयोगट दहा-दहा वर्षांचे न पाडता या रेघेच्या अलीकडचे आणि पलीकडचे असे पाडा. घरात सगळ्यात धाकटी बहीण शाळेत गेली आणि थोरल्या तिघी बाजारात बसल्या, अशी कुटुंबं मग दिसायला लागतात. पेपर धाकटीने वाचायचा आणि थोरल्यांनी ऐकायचा, ही रीत तिथूनच आलेली असते.

शिक्षणाच्या पायऱ्या तिथल्याच भाषेत लिहा. जुनी माणसं ‘स्टँडर्ड सिक्स’ म्हणतात, म्हणजे जुन्या प्राथमिक शाळेचा शेवटचा वर्ग. त्यानंतरची ‘मॉडर्न थ्री’ म्हणतात. पश्चिम विभागात प्राथमिकनंतर तीन वर्षांची मॉडर्न स्कूल असायची. पुढच्यांचं ‘जेएसएस’ म्हणजे कनिष्ठ माध्यमिक, ‘वाएक’ म्हणजे माध्यमिकची शेवटची परीक्षा, ‘ओएनडी’ आणि ‘एचएनडी’ म्हणजे त्यापुढच्या पदविका. माझ्या पहिल्या फॉर्मवर ‘माध्यमिक’ एवढा एकच शब्द होता, आणि मॉडर्न थ्रीवाले त्यात कधी मावले, कधी राहून गेले. पुढे माझ्या लक्षात आलं की योरुबा साप्ताहिक अथपासून इतिपर्यंत वाचणारे जे मला भेटले, त्यांच्यात या मॉडर्न थ्रीवाल्यांचा भरणा मोठा होता. योरुबात भक्कम आणि इंग्रजीत कामापुरते. शाळेची वर्षं वाढतील तसं योरुबा वाचन वाढेल असं धरून चालू नका. ते एका पायरीपर्यंत वाढतं आणि मग इंग्रजी ते ओढून नेते.

उत्पन्न विचारूच नका. बाजारातल्या बाईला रोजचा हिशोब तोंडपाठ असतो, पण ती तो परक्या माणसाला का सांगेल? मी दोन गोष्टी विचारायचे. हाताखाली शिकाऊ मुली किती, आणि ‘आजो’ किती टाकता? आजो म्हणजे रोज ठरावीक रक्कम गोळा करणाऱ्याकडे टाकायची आणि महिनाअखेर परत घ्यायची बचत. ‘परवडतं तेवढं टाकते’ म्हणत रक्कम बहुतेक जणी सांगतात, कारण आजो टाकण्यात अभिमान असतो. स्वतःचा अंक विकत घेणारी कोण आणि शेजारणीचा घेऊन वाचणारी कोण, ते मला या आकड्यावरून बऱ्यापैकी कळत गेलं.

वाचून बघायला सांगा, पण मान राखून

‘येतं’ म्हणणाऱ्याला किती येतं, हे तपासावं लागतं. त्यासाठी योरुबा कशी लिहितात ते थोडं समजून घ्या. ही सुरांची भाषा आहे. वरचा, मधला आणि खालचा असे तीन सूर. ‘ओको’ हा शब्द सूर बदलला की नवरा होतो, कुदळ होतो, गाडी होतो, भाला होतो. छापताना अक्षरांवर सुरांची चिन्हं आणि काही अक्षरांखाली टिंब द्यायचं असतं, पण मथळ्यांत आणि घाईच्या मजकुरात चिन्हं गळतात. मग वाक्याचा रोख आधी कळला तरच वाचणाऱ्याच्या तोंडून बरोबर शब्द येतो.

मी एकच परिच्छेद दोन कागदांवर नेत असे, एकावर सगळी चिन्हं आणि दुसऱ्यावर एकही नाही. त्या शिवणकामवाल्या बाईंनी बिनचिन्हांचा कागद हातात घेतला आणि न अडखळता वाचला. मधे एका ठिकाणी थांबून ‘इथे गाडी म्हणायचंय, नवरा नव्हे’ असं स्वतःशीच बोलून पुढे गेल्या. नंतर माझ्या दुभाष्याने वाचायला घेतला. त्याचं इंग्रजी उत्तम होतं, योरुबा बोलायचाही झरझर, पण दुसऱ्याच ओळीत तो अडकला. मागे गेला, पुन्हा वाचलं, पुन्हा अडकला. त्याच्या शाळेत योरुबा बोललं की दंड भरावा लागे, ‘व्हर्नाक्युलर’ बोलणाऱ्यांची नावं वर्गात लिहून ठेवत, हे त्याने मला त्या दिवशी परतताना सांगितलं. आवाज खाली गेला होता त्याचा. बाईंनी मात्र त्याला तिथेच जवळ बसवून पूर्ण परिच्छेद वाचून घेतला होता, बोट ओळीवर ठेवून.

म्हणून ही चाचणी कुणाच्याही धाकट्यांसमोर, गिऱ्हाइकांसमोर किंवा हाताखालच्या मुलींसमोर घेऊ नका. आणि दुभाषी निवडताना पदवीपेक्षा वय बघा. मला पुढे निवृत्त प्राथमिक शिक्षिका मिळाल्या, आणि काम बदललं.

बोलायची रीत त्यांनीच शिकवली. दुकानात शिरल्यावर आधी ‘ए कु इशे’, म्हणजे काम करणाऱ्याला करायचं अभिवादन. सकाळ असेल तर ‘ए कारो’. आपल्याकडे जसं ‘तुम्ही’ तसं मोठ्यांसाठी ‘ए’ लागतं. ‘ओ’ वापरलंत तर तो थेट एकेरी होतो, आणि नवख्याकडून झाला तरी खटकतो. बाईला नावाने हाक मारायची नाही, ‘इया’ म्हणजे आई, आणि पुढे तिच्या मुलाचं नाव. मुलगे मोठ्यांपुढे वाकतात, मुली गुडघे टेकतात. मीही टेकत असे. बाजारात काम करायचं असेल तर आधी ‘इयालोजा’कडे, म्हणजे बाजारातल्या बायकांच्या प्रमुखाकडे जाऊन परवानगी घ्या. ती मिळाली की प्रत्येक ठेल्यावर ‘यांना सांगा’ असा निरोप तुमच्या आधी पोचलेला असतो.

अंकाच्या मागे जा

आता मुख्य काम. साप्ताहिक ज्या दिवशी येतं त्या सकाळी विक्रेत्याच्या ठेल्याजवळ उभे राहा. तिथे पेपर पसरून ठेवलेले असतात आणि भोवती माणसं. यांना नायजेरियात ‘फ्री रीडर्स असोसिएशन’ म्हणतात. विकत न घेता उभ्याने मथळे वाचायचे आणि त्यावर वाद घालायचा. काही विक्रेते थोडे पैसे घेऊन अंक चाळू देतात. खपाच्या कोणत्याही आकड्यात ही माणसं नसतात. वही काढू नका, अर्धा तास फक्त ऐका. मथळा इंग्रजी पेपरचा असला तरी वाद योरुबात चालतो. योरुबा पेपरचा मथळा कुणीतरी मोठ्याने वाचतो, आणि मागे उभ्या असलेल्याला तेवढं पुरतं.

मग विकत घेणाऱ्यांपैकी चार-पाच जणांना विचारून त्यांच्या अंकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक खूण करा. आठवड्याने परत जा आणि त्यांना ‘तुम्ही वाचलात का’ असं न विचारता ‘अंक कुठे आहे?’ असं विचारा. या प्रश्नाला कुणाची लाज आडवी येत नाही. मी पाठलाग केलेला एक अंक शिवणकामाच्या दुकानातून निघाला. दुपारी वीज गेली की मशीन थांबायची, आणि त्या वेळात एक शिकाऊ मुलगी तो मोठ्याने वाचायची. बाकीच्या काजं करत ऐकायच्या. गिऱ्हाईक बाई वाट बघताना चाळायची. संध्याकाळी शेजारचा गॅरेजवाला न्यायचा. त्याच्याकडे गाडी दुरुस्तीला दिलेले ड्रायव्हर बसलेले असायचे. रविवारी तो अंक घरमालकांकडे जायचा.

हे घरमालक निवृत्त मुख्याध्यापक. व्हरांड्यात भेटले तेव्हा हातात इंग्रजी पेपर होता आणि मला म्हणाले, मी इंग्रजीच वाचतो. खूण केलेला अंक आतल्या खोलीत उशीजवळ होता. त्यांच्या पत्नीने तो हसत बाहेर आणून दिला. त्यावर ते मोकळेपणाने बोलले. बातमी इंग्रजीत कळते, पण म्हणी आणि शाब्दिक टोले योरुबात वाचल्याशिवाय जीव शांत होत नाही, असं त्यांचं म्हणणं. शिकलेल्यांमधला वाचक असा आतल्या खोलीत असतो. त्याला फॉर्मवर पकडू पाहाल तर सापडायचा नाही.

वहीत प्रत्येक अंकाला एक पान द्या. कुणाच्या हातून कुणाकडे, मोठ्याने की मनात, किती ऐकणारे, कोणती पानं सुटी झाली. माणसाचं वय, शाळा, धर्म, धंदा, मूळ गाव हे त्याच ओळीत पुढे भरत जा. मूळ गाव मुद्दाम विचारा. छापील योरुबा ओयोकडच्या बोलीवर उभी आहे. एकिती, इजेबू किंवा ओन्डोकडच्या माणसाला घरी बोलतो त्याहून वेगळी योरुबा वाचावी लागते.

रेडिओ विसरू नका. सकाळी योरुबा केंद्रांवर त्या दिवशीच्या पेपरांमधला मुख्य मजकूर वाचून दाखवतात, इंग्रजी पेपरांचासुद्धा. ‘मी पेपरमध्ये वाचलं’ असं सांगणाऱ्याने तो पुष्कळदा रेडिओवर ऐकलेला असतो. मोबाइलचंही तेच. बीबीसीची योरुबा सेवा 2018 मध्ये सुरू झाल्यापासून छापील अंकाला कधी न शिवलेला तरुणही योरुबा मजकूर वाचतो, पण स्वतःला योरुबा पेपरचा वाचक म्हणवत नाही. त्याच्यासाठी वेगळं पान ठेवा.

जुन्या काळातल्या वाचकांसाठी इबादान विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात बसा. जाहिराती, मृत्यूच्या बातम्या, वर्गणीदारांना दिलेल्या सूचना यांतून पत्ते आणि धंदे निघतात. वाचकांच्या पत्रांपाशी मात्र सावध राहा. 1929 मध्ये ‘अकेडे एको’त सेगिलोला नावाच्या, एकेकाळी पुरुषांना नादी लावणाऱ्या आणि आता आजाराने खंगलेल्या बाईची पत्रं छापून येऊ लागली. लेगोसमध्ये ती कोण म्हणून चर्चा उसळली. वाचकांनी तिच्यासाठी पत्रं लिहिली. सेगिलोलाची पत्रं संपादक आय. बी. थॉमस स्वतः लिहीत होते. ती पुढे पुस्तकरूपाने आली, आणि आज योरुबातली पहिली कादंबरी म्हणून ती ओळखली जाते. सेगिलोलाला तुमच्या तक्त्यात घालू नका. तिला उत्तर लिहिणाऱ्यांना घाला, पण ती माणसंही खरी आहेत ना, हे पत्त्यांवरून ताडून.

पेन्सिलीची खूण असलेले अंक सगळे परत मिळत नाहीत. माझा एक गॅरेजमधून नाहीसा झाला होता. तीन आठवड्यांनी मोकोलाच्या चढावर आकारा तळणाऱ्या बाईकडे मी भजी घेतली, तर पुडी त्याच अंकाच्या पानाची. कोपऱ्यात माझी खूण, तेलाने पारदर्शक झालेली. मी कागदाकडे बघत राहिले तसं त्या म्हणाल्या, पुढचा भाग या दुसऱ्या पानावर आहे, थांब. त्यांनी तळण बाजूला सारलं, रद्दीच्या गठ्ठ्यातून ते पान शोधून काढलं आणि झारा हातात धरून मला मोठ्याने वाचून दाखवलं. मागे रांगेतली दोन मुलं ऐकत उभी राहिली. त्या अंकाच्या पानावर मी चार ओळी वाढवल्या. तुमच्याही वहीत प्रत्येक अंकाखाली तेवढी जागा मोकळी सोडा.